बशीतलं झाड

माझे सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि कॉलनीतलं क्वार्टर सोडून सासूबाईंसह आमच्याकडे नाशिकला, द्वारका चौकाजवळ राहायला आले, त्या वर्षीची ही गोष्ट. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. क्वार्टरला मागे-पुढे चांगली ऐसपैस जागा होती. बाबांनी तिथे वर्षानुवर्षं बाग केली होती. पपई, गावठी गुलाब, कुंपणावर घोसाळ्याचा वेल, शिवाय एक सीताफळ, ज्याला कधीच धड फळ धरलं नाही आणि ज्याच्यावर बाबांचा सगळ्यात जास्त जीव होता. आमचा फ्लॅट मात्र दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी इतकी अरुंद की कपडे वाळत घालताना कोपरं भिंतीला लागायची, आणि खाली दिवसभर ट्रक, टेम्पो आणि त्यांचे हॉर्न.

मी हौसेने दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या. बाबांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"डब्यात माती भरायची आणि तिला बाग म्हणायचं. छान," ते म्हणाले. कुंड्यांचा विषय तिथेच संपला.

आयुष्यभर त्यांनी कंट्रोल रूममध्ये काम केलेलं. तासातासाला काट्यांवरचे आकडे बघायचे, रजिस्टरात लिहायचे, काही वरखाली झालं तर धावायचं. इथे ना काटे होते ना रजिस्टर, म्हणून ते आमचीच नोंद ठेवायला लागले. दूध आज दहा मिनिटं उशिरा आलं. शेजारच्यांचा पंप काल अर्धा तास जास्त चालला. "अगं, तुझी शाळा सव्वासातला भरते आणि तू सातला चार मिनिटं कमी असताना वेणी घालत होतीस." मी नाशिकरोडच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे, आणि उशीर मला रोजच व्हायचा, त्यामुळे उत्तर देण्याची सोय नव्हती. माझा नवरा सकाळीच कामावर पळायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "बोलू दे गं. त्यांना अजून कळलेलं नाहीये की आपण बॉयलर नाही."

त्या डिसेंबरात माझी नणंद अमेरिकेहून आली. तीन वर्षांनी आलेली, त्यामुळे हॉलमध्ये बॅगा उघडून नुसता बाजार मांडला होता. चॉकलेटं, साबण, आईंसाठी स्वेटर. सगळ्यात शेवटी तिने कागदाच्या पिशवीतून एक तपकिरी, वाळका गोळा काढला. मुठीएवढा, हलका, सगळ्या फांद्या आत ओढून घट्ट मिटलेला.

"बाबा, हे तुमच्यासाठी. वाळवंटातलं झाड आहे," ती म्हणाली.

बाबांनी गोळा कानाशी नेऊन हलवला. का, ते त्यांनाच ठाऊक. "झाड होतं," ते म्हणाले आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. तेवढ्यात नणंदेच्या सासरहून तिला न्यायला गाडी आली आणि पिशव्या, कागद, निरोप या गडबडीत तो गोळा सगळेच विसरले. आवरताना मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला, बरोबर सिंकच्या वर. चूक माझीच म्हणायची.

आमच्याकडे भांड्यांना एक मावशी यायच्या. पेठच्या बाजूच्या डोंगरातल्या, नवऱ्याबरोबर कामासाठी नाशिकला आलेल्या. सकाळी एकदा आणि दुपारी जेवणं झाल्यावर एकदा येऊन जायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येऊन चपला काढते आहे, तोच स्वयंपाकघरातून त्यांची हाक आली.

"ताई! ओ ताई! इकडं या लवकर. ही घासणी जित्ती हाय!"

मी धावले. बाबा माझ्या मागून आले. सिंकखालच्या बादलीत, खरकट्या पाण्यावर, एक हिरवी चकती तरंगत होती. बशीएवढी उघडलेली, नेच्यासारखी बारीक पानं, आणि पानापानांवर साबणाचा फेस. सकाळी दूध करपलेलं पातेलं काढायला मावशींना काही सापडेना. खिडकीतला गोळा दिसला, खरखरीत होता, त्यांनी घेतला, पातेलं लख्ख घासलं आणि गोळा बादलीत टाकून त्या गेल्या.

"मी काय केलं नाय," मावशी म्हणाल्या. "नुसतं घासलं."

मी शास्त्राची शिक्षिका. अशा वेळी मी काहीतरी समजावून सांगायला हवं होतं. पण मी नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिले. बाबांनी मात्र बाह्या सरसावल्या. दोन्ही हातांनी ती चकती उचलली, नळाखाली धरली, धुतली, पुन्हा धुतली. दहा-बारा वेळा तरी धुतली असेल. "फेस जाईपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही," असं त्यांनी बजावलं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात ती जुनी धार ऐकू आली.

मग शोध सुरू झाला नणंदेच्या कागदी पिशवीचा. ती कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली सापडली. आत एक छोटं इंग्रजी कार्ड होतं. बाबांनी ते तव्यावर वाळवलं आणि चष्मा पुसून वाचलं. वरच्या तीन ओळी शाबूत होत्या. हे वाळवंटातलं झाड आहे, त्याला माती लागत नाही, बशीत पाणी घालून ठेवा म्हणजे काही तासांत उघडेल. चौथ्या ओळीत "त्यानंतर" एवढा एकच शब्द लागत होता. पुढे चहाचा मोठा डाग.

"त्यानंतर काय?" बाबांनी लगेच लेकीला तिच्या सासरी फोन लावला.

"अहो बाबा, मला काय माहीत?" तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "हायवेवरच्या एका दुकानात टोपलीत ठेवले होते. म्हटलं याला माती लागत नाही, म्हणजे तुम्हाला डब्यातली बाग म्हणून नावं ठेवता येणार नाहीत. म्हणून घेतलं."

बाबांनी फोन ठेवला आणि कार्ड खिशात घातलं. मग म्हणाले, "बघू आपण."

त्यांनी आईंची काचेची उथळ बशी मागून घेतली. कॉलनीतल्या कोणाकडून तरी धुतलेले बारीक खडे आणले. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, असा नियम केला. बशी हॉलच्या खिडकीत, जिथे उजेड येतो पण ऊन थेट येत नाही, अशा जागी ठेवली. आणि शाळेची एक कोरी वही माझ्याकडून घेतली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. किती बोटं उघडलं, रंग कसा, पाणी किती उतरलं.

आई एकदा ती वही चाळून म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या संसारात माझं अंग किती दुखलं, हे कधी लिहून ठेवलं नाहीत."

"तू बोलून दाखवतेस," बाबा म्हणाले. "हे बोलत नाही."

त्या दिवसांत बाबा खुशीत होते. आमच्या दुधाची आणि वेण्यांची नोंद बंद झाली, त्यामुळे आम्हीही खुशीत होतो. आल्यागेल्याला झाड दाखवायचं, मग वही दाखवायची, मग चहा. खालच्या मजल्यावरच्या काकू हात जोडूनच आल्या. ही संजीवनी आहे, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"दोन चमचे पाणी द्या हो त्यातलं, आमच्या ह्यांची कंबर धरलीय."

"अहो, त्यात भांड्यांचा साबण आहे," बाबा म्हणाले. "कंबर राहू द्या, पोट धरून बसतील." काकू जरा रागावून गेल्या. पण पुढे त्यांच्या यजमानांची कंबर आपोआप सुटली, आणि तेही वही वाचायला येऊ लागले.

महिना झाला असेल. एके सकाळी मला खिडकीपाशी कुबट वास आला. दोन दिवसांनी बाबांनाही आला. बशीतल्या झाडाच्या बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती आणि बाहेरची पानं काळपट होऊन गळायला आली होती. बाबांनी पाणी दिवसातून दोनदा बदलायला सुरुवात केली. बशी उन्हात नेली. उन्हातून काढली. वहीतली अक्षरं बारीक होत गेली. त्यांचं बोलणंही कमी झालं. एका रविवारी रेडिओचा आवाज मोठा आहे म्हणून माझ्यावर ओरडले आणि मग स्वतःच जाऊन रेडिओ होता त्याहून मोठा करून आले.

शेवटी त्यांनी झाड डब्यात घातलं आणि गंगापूर रोडच्या एका नर्सरीत नेलं. परत आले ते पाय आपटतच.

"काय म्हणाला?" आईंनी विचारलं.

"म्हणाला, काका, हे कुजलंय, फेकून द्या आणि मनी प्लँट न्या." बाबांनी डबा टेबलावर ठेवला. "मी बाग मागायला गेलो होतो का त्याच्याकडे?"

मावशी तेव्हा भांडी घासत होत्या. हात पुसत बाहेर आल्या, डब्यात डोकावल्या. "बाबा, एक बोलू का?"

"बोला."

"तुम्ही याला पाणी पाजून पाजून मारायला लागले. आमच्याकडं खडकाव असतं असंच एक. उन्हाळ्यात मुठीवानी मिटून जातं, हातात घेतलं तर कुरकुर वाजतं. पाऊस आला का हिरवं. त्याला मधी कोण पाणी घालतं? याला जरा वाळू द्या."

"वाळू द्या? अहो मावशी, झाड वाळलं म्हणजे मेलं."

"मग अमेरिकेतून आलं तवा काय वल्लं होतं?"

बाबांनी डबा जवळ ओढून आत पाहिलं. मी मान खाली घालून वह्या तपासत बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि थोडी लाजही वाटत होती. घरात एक इंजिन-बॉयलरवाला, एक शास्त्रवाली, आणि इतकी साधी गोष्ट आम्हाला दोघांनाही सुचली नव्हती.

बाबा खुर्चीत बसले. चहा आला, त्यांनी तो प्यायला. मग एकदम मांडीवर थाप मारली. "शटडाउन! अगं, युनिट बारा महिने चालवत नाहीत. वर्षातून एकदा बंद करतात, उघडतात, साफ करतात, थंड होऊ देतात. न थांबता चालवलं तर नळ्या फुटतात." मावशींकडे बघून ते म्हणाले, "मी हे तीस वर्षं केलंय, मावशी."

"मग करा की," मावशी म्हणाल्या आणि उरलेल्या भांड्यांकडे गेल्या.

बाबांनी नखं कापायच्या कात्रीने कुजलेल्या सगळ्या फांद्या काढल्या, मऊ दातांच्या ब्रशने बुरशी झाडली आणि झाड वर्तमानपत्रावर कपाटाच्या वर ठेवलं. वहीत लिहिलं, "देखभालीसाठी बंद." तीन दिवसांत त्याने फांद्या आत ओढल्या. आठवड्याने पुन्हा गोळा झाला, पण पहिल्यापेक्षा लहान, एका बाजूने बोडका. तो जिवंत आहे की संपला, हे कळायला काही मार्ग नव्हता. बाबा जेवताना मध्येच कपाटाकडे बघायचे.

फेब्रुवारीत मावशी दोन दिवसांसाठी गावी निघाल्या, भाचीच्या साखरपुड्याला. बाबांनी त्यांना विचारलं, "तुमच्या गावचं ते खडकावरचं झाड आम्हाला दाखवाल?" मावशींना आधी ती थट्टाच वाटली. पण रविवारी सकाळी मी आणि बाबा खरोखरच पेठच्या एसटीत बसलो. बाबांच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि वही.

मावशींचे वडील आम्हाला रानात घेऊन गेले. सडसडीत म्हातारा, पायात टायरच्या चपला, बोलणं कमी. घरापासून थोड्या चढावर काळ्या कातळाची उघडी पट्टी होती. कडक वाळलेली. भेगांमध्ये मुठी वळून बसावं तशा तपकिरी पुंजक्या चिकटलेल्या होत्या. बशीतल्या झाडाचीच जात असेल असं नाही, पण ढंग तोच. बाबांनी एक पुंजकी बोटाने दाबली. ती कुरकुरली.

त्यांनी घड्याळ पाहिलं, बाटली उघडली आणि दोन पुंजक्यांवर हळूहळू पाणी सोडलं. मग तिथेच खडकावर बसले.

"बाबा, त्याला तासन्‌तास लागतील," मी म्हटलं. "आपण घरी जाऊन बसू, मग येऊ."

"तू जा. मी आहे."

म्हातारे त्यांच्याकडे बघत राहिले. मग तेही शेजारी बसले, कमरेची तंबाखूची पिशवी काढली. मी मावशींच्या घरी गेले, बायकांबरोबर नागलीच्या भाकरी थापायचा प्रयत्न केला, माझ्या दोन भाकरी मोडल्या आणि त्यावर सगळं घर हसलं. उडदाची आमटी झाली तेव्हा मी दोघांना बोलवायला गेले. दोघेही होते तसेच बसलेले. मधल्या वेळात त्यांचं बोलणं झालं होतं, असं दिसलं, कारण बाबा विचारत होते, "मग चार महिने पाऊस, आठ महिने हे असंच?" आणि म्हातारे म्हणत होते, "आसंच. कंटाळत नाय ते."

बाबा जेवायला उठायला तयार नव्हते. भाकरी खडकावरच नेल्या. तीन वाजायच्या सुमारास बाबांनी माझा दंड धरून मला खाली वाकवलं. पुंजकीची बाहेरची पानं मागे वळली होती आणि आत ओलसर, गडद हिरवा रंग दिसत होता. शेजारच्या कोरड्या पुंजक्या तशाच तपकिरी. बाबांनी वहीत वेळ लिहिली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पेन म्हाताऱ्यांपुढे केलं. त्यांनी अंगठ्याने शाई लागते का बघितलं आणि हसून मान हलवली. "तुमीच लिवा. मला पाठ हाय."

ती पानं बघण्याच्या नादात आमची एसटी गेली. मग एका काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौदा जणांत दाटून आम्ही नाशिकला आलो. बाबांच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. त्यांनी तिच्याबद्दल एक अक्षर तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटावरचा गोळा उतरवला, काचेच्या बशीत ठेवला आणि आठवणीने शिळं पाणी घातलं. मी शाळेत होते. घरी फोन करून विचारायचं धाडस झालं नाही. दुपारी जिना चढत होते तेव्हा आई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "चल लवकर, ते तुझी वाट बघतायत." झाडाची कड कायमची तपकिरी राहिली होती, एक बाजू रिकामी होती, पण मधला भाग, वाटीएवढा, चांगला हिरवागार उघडला होता. बाबा त्यावर वाकून बसले होते. मला बघून म्हणाले, "युनिट चालू." आणि त्यांनी डोळे पुसले, ते आम्ही कोणी पाहिलं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. मावशी आल्या तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठी स्वतः चहा केला. फार गोड झाला होता.

त्यानंतर झाडाचा क्रम बसला. आठ दिवस पाणी, तीन आठवडे विश्रांती. पाणी रोज बदलायचं, खत नाही, थेट ऊन नाही, लाड नाहीत. बाबांचाही क्रम बसला. कॉलनीतल्या जुन्या सोबत्यांना जमवून महिन्या-दोन महिन्यांनी ते कुठल्या ना कुठल्या डोंगरावर खडक बघायला जाऊ लागले. चार-पाच निवृत्त माणसं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. लोकांना वाटायचं, हे जमिनीचा व्यवहार करायला आलेत.

झाड सात-आठ वर्षं टिकलं. दर वेळी मधला हिरवा भाग थोडा कमी व्हायचा. दोन हजार पाचच्या सुमाराला एकदा ते उघडलं ते नुसतंच उघडलं. फांद्या पसरल्या, पण आत कुठेच हिरवं नव्हतं. बाबांनी दोन दिवस वाट पाहिली, मग ते वाळवलं आणि पुन्हा भिजवलं. पुन्हा तसंच. अशी झाडं मेल्यावरही पाण्याने उघडतात, हे मी तोपर्यंत वाचून काढलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. वाईट वाटेल म्हणून जरा घाबरतच सांगितलं.

"म्हणजे यंत्र शाबूत आहे, आग विझलीय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मग हे तुझ्या शाळेत चालेल का?"

म्हणून मग ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आलं आणि त्याच्याबरोबर दर शुक्रवारी बाबाही यायला लागले, इस्त्रीचा शर्ट घालून. सातवीच्या मुलींपुढे ते बशीत पाणी घालायचे, तास संपेपर्यंत फांद्या हलू लागायच्या आणि बाकांवर चढून गलका व्हायचा. पहिल्याच वेळी एका मुलीने विचारलं, "आजोबा, हे जिवंत आहे का मेलेलं?"

"मेलेलं," बाबा म्हणाले.

"मग उघडतंय कसं?"

बाबांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "ते मी तुला नीट सांगतो," ते म्हणाले, फळ्याकडे गेले आणि खडू उचलला. घंटा झाली तरी त्यांचं चालूच होतं, पुढच्या तासाचे सर दारात उभे होते, आणि मुली त्यांना आत येऊ देत नव्हत्या.